तीस दिवस थांबायचं कुणी?

प्रिय मैत्रिणी,

तुझा लेख वाचला. अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती चळवळीवर तू लिहितेस, पण काळ्या स्त्रिया त्यात येतात शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, आणि त्याही गाऱ्हाणं घेऊन: आम्हाला बोलावलं नाही, व्यासपीठावर घेतलं नाही. गाऱ्हाणं खोटं नव्हतं. 1913 साली वॉशिंग्टनच्या मताधिकार मोर्चात काळ्या पत्रकार आयडा बी. वेल्स यांना मागे चालायला सांगितलं गेलं आणि त्या भर मोर्चात गर्दीतून पुढे येऊन आपल्या इलिनॉयच्या तुकडीत घुसल्या, हे तू छान लिहिलं आहेस. पण सगळा लेख असा मानापमानाचा झाला, की वाचणाऱ्याला वाटतं, दोन खुर्च्या जास्त मांडल्या असत्या तर प्रश्न मिटला असता. तो मिटला नसता, कारण मूळ भांडण मागण्यांचं होतं.

म्हणून सांगते, एकच प्रकरण धर आणि त्याच्या तळाशी जा. मी नसबंदीचं सुचवेन.

आधी गोऱ्या मध्यमवर्गीय बाईची बाजू समजून घे. तिची टिंगल करून लेख सोपा होतो, खरा होत नाही. साठच्या दशकात तिला मुलं पुरे झाली आणि ऑपरेशन करून घ्यायचं असलं, तर डॉक्टर गणित मांडत: वय गुणिले मुलं. उत्तर 120 भरलं पाहिजे. म्हणजे तिशीतल्या बाईला चार मुलं असतील तरच तिचा विचार होणार, वर दोन डॉक्टरांची आणि एका मानसोपचारतज्ज्ञाची शिफारस हवी. हा नियम स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 1969 पर्यंत चालवला. अशा बाईनं 'माझं शरीर, माझा निर्णय, डॉक्टरांनी मध्ये पडू नये' असं म्हणणं अगदी साहजिक होतं.

त्याच दशकात, त्याच देशात, 1961 साली मिसिसिपीतल्या फॅनी लू हॅमर गाठ काढायला म्हणून दवाखान्यात गेल्या आणि डॉक्टरांनी त्यांना न विचारता पिशवीच काढून टाकली. पुढे त्या नागरी हक्कांच्या लढ्यातल्या मोठ्या नेत्या झाल्या आणि सभांमधून हे उघड बोलल्या. 1973 साली अलाबामातल्या माँटगोमेरीत रेल्फ कुटुंबातल्या दोन बहिणींची नसबंदी झाली. एक चौदा वर्षांची, दुसरी बारा. केंद्र सरकारच्या पैशावर चालणारा दवाखाना. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलींना पाळणा लांबवायची इंजेक्शनं चालू होती, हा कागद त्याचाच असेल असं समजून तिनं त्यावर फुली मारली. खटला उभा राहिला तेव्हा न्यायाधीशांनी निकालपत्रात नोंदवलं, की सरकारी पैशातून दरवर्षी एक ते दीड लाख गरिबांची अशी ऑपरेशनं होतात, आणि काहींना 'नाही म्हणालात तर सरकारी मदत बंद' अशी धमकी दिली गेली होती.

लॉस एंजेलिसचं प्रकरण मात्र सावकाश वाच. तिथल्या सरकारी इस्पितळात मेक्सिकन बायका बाळंतपणाला येत. कळा सुरू आहेत, सिझेरियनची घाई आहे, आणि समोर इंग्रजी फॉर्म धरला जातो, सही कर. बाई स्पॅनिश बोलणारी. काहींना आपलं ऑपरेशन झालंय हे फार उशिरा कळलं. दहा जणी कोर्टात गेल्या. तो मॅड्रिगल खटला. 1978 साली त्या हरल्या. न्यायाधीश म्हणाले, बोलण्यातल्या गैरसमजातून झालं, डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता. मोठ्या कुटुंबाची ओढ हा त्या बायकांच्या संस्कृतीचा भाग, म्हणून त्यांना दुःख जास्त झालं, आणि डॉक्टरांना ते कसं कळावं, असाही सूर निकालात आहे. मला हा भाग वाचताना अजून संताप येतो.

आता गाठ कुठे बसते ते बघ. न्यू यॉर्कमध्ये हेलन रॉड्रिगेझ-त्रियास या प्वेर्तो रिकन बालरोगतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकारी मागणी करत होत्या: संमती आणि ऑपरेशन यांच्यामध्ये तीस दिवस जाऊ देत, फॉर्म बाईच्या भाषेत असू देत, कळा चालू असताना सही घेऊ नका. याला विरोध करणाऱ्यांमध्ये गर्भपाताच्या हक्कासाठी लढणारे गटही होते. त्यांना वाटलं, पुन्हा बाईच्या निर्णयात अडथळा. एकीला थांबवून ठेवणं हा जाच, दुसरीला थोडं थांबू देणं हेच संरक्षण. दोघी 'माझं शरीर' असंच म्हणत होत्या.

तीस दिवसांचा नियम 1978 साली केंद्रानं जाहीर केला. त्याच्या दोनच वर्षं आधी अमेरिकी संसदेच्या हाइड दुरुस्तीनं गरीब स्त्रियांच्या गर्भपाताचा केंद्राचा पैसा जवळजवळ बंद केला होता, आणि नसबंदीच्या खर्चातले 90 टक्के मात्र केंद्र देतच राहिलं. एवढं एक वाक्य तुझ्या लेखात आलं, तरी 'निवड' या शब्दावरची तुझी दोन पानं गाळता येतील. बॉस्टनच्या कॉम्बाही रिव्हर कलेक्टिव्ह या काळ्या स्त्रीवाद्यांच्या गटानं 1977 च्या जाहीरनाम्यात नसबंदीची जबरदस्ती आणि गर्भपाताचा हक्क शेजारी शेजारी का मांडले, आणि 1994 मध्ये शिकागोत बारा काळ्या स्त्रियांनी मूल न होऊ देण्याच्या हक्काबरोबर मूल होऊ देण्याचा आणि ते नीट वाढवण्याचा हक्क एकत्र का मागितला, हे मग वेगळं समजवावं लागणार नाही.

'आंतरछेदिता' (इंटरसेक्शनॅलिटी, म्हणजे वंश आणि लिंग यांचे भेदभाव एकाच बाईवर एकत्र येणं) पानोपानी पेरली आहेस, तिथेही हेच कर. काळ्या कायदेतज्ज्ञ किंबर्ले क्रेनशॉ यांनी 1989 साली ती कल्पना मांडली ती कोर्टाची निकालपत्रं समोर ठेवून. जनरल मोटर्सवर पाच काळ्या स्त्रियांनी दावा लावला होता. कंपनीनं 1964 च्या आधी काळ्या स्त्रियांना घेतलंच नव्हतं, त्यामुळे मंदीत 'शेवटी आला तो आधी बाहेर' म्हटल्यावर त्याच गेल्या. कोर्ट म्हणालं, कंपनी बायकांना घेते की! त्या गोऱ्या होत्या, ऑफिसात. काळ्यांनाही घेते! ते पुरुष होते, कारखान्यात. काळ्या बायका दोन्हीकडून गळल्या. हा दाखला दे आणि ती संज्ञा एकदाच वापर.

बीडचा मोह तुला होणार, मलाही झाला. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण 2019 साली विधिमंडळात गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पण तिथलं यंत्र वेगळं आहे: मुकादमाची उचल, खाडा पडला की दंड, पाळीच्या दिवसांत फडात ना पाणी ना आडोसा, आणि कॅन्सरची भीती घालणारे खासगी दवाखाने. अमेरिकेच्या लेखाला हे शेपूट जोडलंस तर दोन्हीकडच्या बायकांवर अन्याय होईल. त्यावर स्वतंत्र लिही, आणि त्यासाठी आधी फडात जाऊन ये. फुल्यांच्या 'गुलामगिरी'ची अमेरिकनांना वाहिलेली अर्पणपत्रिका आणि ब्लॅक पँथरवरून आलेलं दलित पँथरचं नावही सुरुवातीला नको. आपल्याकडची निम्मी भाषणं तिथूनच सुरू होतात.

शेवटचं, गुलामीतून सुटलेल्या काळ्या कार्यकर्त्या सोजर्नर ट्रूथ यांचं 'मी बाई नाही का?' हे वाक्य मथळ्यातून काढ. 1851 च्या त्या भाषणाचा त्याच वर्षी छापलेला वृत्तान्त उपलब्ध आहे, त्यात ते नाही. ते आलं बारा वर्षांनी, एका गोऱ्या कार्यकर्तीच्या आठवणीतून, आणि तिनं त्यांच्या तोंडी दक्षिणेकडची बोली घातली. ट्रूथ न्यू यॉर्कच्या, लहानपणची भाषा डच. दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाच, मग मथळा सुचेल.

पुढचा खर्डा दिवाळीच्या आत पाठव. तळटिपा नंतर बघू.

तुझ्या,
बाई