टॉपवॉटर लूरसाठी चांगला रॉड कसा निवडावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : रत्नागिरीकडे खाडीच्या काठावरून आणि कधी धक्क्यावरून गरवता, आतापर्यंत कोळंबी लावून गळ टाकत होता, आता दोन पॉपर आणि तीन पेन्सिल हे टॉपवॉटर लूर, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर चालवायचे नकली मासे, घेतल्यात. जिताडा आणि तांबोशी हवी आहे. पाच-सहा हजारांत यांच्यासाठी दर्जेदार रॉड कोणता, आणि तोच गावाकडच्या तलावात मरळसाठी चालेल का?

आधी सरळ उत्तर देतो. ७ फुटी स्पिनिंग रॉड घ्या, ताकद मीडियम, ॲक्शन (रॉड कुठून वाकतो ते) फास्ट, म्हणजे टोकाकडून वाकणारी, किंवा थोडी खालून वाकणारी मॉडरेट-फास्ट, लूरचं वजन साधारण ७ ते २८ ग्रॅम लिहिलेला. मरळसाठी तो चालणार नाही, त्याचं कारण खाली येईलच. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही. एकाच कंपनीच्या एकाच मालिकेत खाडीला उत्तम आणि खाडीला निरुपयोगी असे दोन्ही रॉड शेजारी शेजारी टांगलेले असतात. काय बघायचं हे कळलं की नाव तुम्हीच ठरवाल.

टॉपवॉटरची गोष्ट इतर लूरपेक्षा वेगळी आहे. पाण्याखाली पोहणाऱ्या लूरला पुढे प्लास्टिकची जीभ असते, नुसतं रीळ फिरवलं तरी तो डुलत डुलत येतो. पेन्सिलला काहीही नसतं. ती रंगवलेली एक कांडी आहे. नुसती ओढली तर सरळ रेघ मारत येते आणि मासा तिच्याकडे बघतही नाही. तिला डावीकडे-उजवीकडे मान टाकत चालवायचं काम मनगटाचं आणि रॉडच्या टोकाचं. म्हणून या प्रकारात रॉड हे फक्त मासा ओढायचं साधन राहत नाही. दिवसातल्या शंभर फेकींपैकी मासा लागतो एखाद्या फेकीला, बाकीच्या नव्व्याण्णव फेकींत रॉड लूर चालवत असतो. निवड त्या नव्व्याण्णव फेकींकडे बघून करायची.

पेन्सिल चालवताना नक्की काय होतं ते सांगतो, म्हणजे टोकाचं महत्त्व पटेल. रॉडचं टोक पाण्याकडे खाली धरायचं. मनगटाने छोटा झटका द्यायचा आणि लगेच टोक लूरच्या दिशेला परत न्यायचं, म्हणजे दोरा क्षणभर सैल पडतो. त्या सैल दोऱ्यातच पेन्सिलचं नाक बाजूला वळतं. पुढचा झटका बसला की ती दुसऱ्या बाजूला वळते. झटका, सैल, झटका, सैल, आणि मधे रिळाची पाव-अर्धी फेरी. दोरा सतत ताणलेला राहिला तर हे होतच नाही. आता टोक फार लेचंपेचं असेल तर झटका लूरपर्यंत पोचायच्या आधी रॉडमध्येच विरतो. टोक बांबूसारखं ताठ असेल तर प्रत्येक झटका जास्तीचा बसतो, पेन्सिल पाण्यातून उडी मारून पुढे येते आणि अर्ध्या तासात मनगट दुखायला लागतं. हवं ते टोक या दोन्हींच्या मधलं.

माझा या कामासाठी घेतलेला पहिला रॉड ७ फुटी मीडियम-हेवी, एक्स्ट्रा-फास्ट होता. दुकानात हलवून बघितला तेव्हा तो ताठ आणि दमदार वाटला, आणि मी ताठपणालाच दर्जा समजलो. कर्ली नदीच्या खाडीत एका हंगामात त्यावर तीन जिताडे सुटले. तिन्ही वेळी तेच झालं. कांदळाच्या सावलीत डबक्यात नारळ पडावा तसा आवाज, रॉडला धक्का, मासा कल्ले फुगवून पाण्याबाहेर, डोकं दोनदा झटकलं आणि दोरा मोकळा. तिसऱ्या वेळी लूर हातात घेऊन नीट बघितला. मागच्या तिहेरी गळाच्या एका टोकाला कागदासारखं पातळ, अर्धपारदर्शक कातडं अडकलेलं होतं. जिताड्याचा जबडा टणक असतो, पण त्याला जोडणारा पडदा पातळ असतो. बारीक गळ त्या पडद्यात घुसला आणि वर ताठ रॉड, न ताणणारा ब्रेडेड (विणलेला) दोरा असला, की माशाच्या एका झटक्यात भोक मोठं होतं आणि गळ गळून पडतो. टोकाकडचा तिसरा हिस्सा वाकणारा रॉड असता तर तो झटका रॉडने गिळला असता.

मऊ टोकाचा आणखी एक मोठा फायदा आहे. पाण्यावर मासा उसळलेला दिसला की आपला हात आपोआप वर जातो. बहुतेक वेळा मासा तेव्हा लूर तोंडात घेतच असतो, आपण तो ओढून काढतो. वजन जाणवेपर्यंत थांबायचं हे सगळ्यांना माहीत असतं, पण आवाज ऐकल्यावर कुणाला थांबवत नाही. वाकणारं टोक तो अर्धा सेकंद मिळवून देतं.

पण फक्त टोक मऊ असून भागत नाही, आणि इथे तांबोशीचा विचार करावा लागतो. ती लूर घेते आणि त्याच दमात वळून मुळांकडे किंवा धक्क्याच्या खांबाकडे पळते. पहिल्या तीन-चार सेकंदांत तिला थांबवलं नाही तर दोरा शिंपल्यांवर घासून तुटतो. त्यासाठी रॉडचा खालचा अर्धा भाग कणखर हवा. टोक झुकतं पण कमरेखाली ताकद, असा रॉड म्हणजे मीडियम ताकदीचा फास्ट किंवा मॉडरेट-फास्ट. ॲक्शन म्हणजे रॉड कुठून वाकतो, आणि पॉवर म्हणजे वाकवायला किती जोर लागतो. हे दोन शब्द दुकानदारही बऱ्याचदा एकाच अर्थाने वापरतात, तुम्ही वेगळे ठेवा.

आता वजनाचा आकडा. मुठीच्या वर रॉडवर बारीक अक्षरांत लूरचं वजन छापलेलं असतं. अमेरिकी पद्धतीच्या रॉडवर ते औंसात असतं, १ औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. किमतीच्या आधी हा आकडा वाचा. नऊ-दहा सेंटिमीटरची पेन्सिल साधारण १० ते १५ ग्रॅमची, बारा सेंटिमीटरची २० ग्रॅमच्या आसपास. तुमचे लूर त्या आकड्यांच्या मधोमध पडले पाहिजेत. ७ ते २८ लिहिलेल्या रॉडवर १५ ग्रॅमची पेन्सिल सुंदर जाते, कारण मागे नेताना तिच्या वजनाने रॉड वाकतो आणि सुटताना तीच ताकद परत देतो. १५ ते ४५ लिहिलेल्या रॉडवर तीच पेन्सिल फेकायला खांद्याचा जोर लावावा लागतो आणि तरी ती जवळच पडते. घरातल्या स्वयंपाकाच्या काट्यावर तुमचे पाचही लूर एकदा तोलून घ्या, पाकिटावरचं वजन दरवेळी बरोबर असतंच असं नाही.

लांबी कुठे उभे राहता त्यावर. टोक खाली धरून काम करायचं असल्याने हा प्रश्न इतर गरवण्यापेक्षा जास्त बोचतो. काठाच्या चिखलात घोटाभर पाण्यात उभे असाल तर ८ फुटी रॉडचं टोक सारखं पाण्यात बुडतं. तिथे साडेसहा ते ७ फूट बरा. होडीत किंवा कयाकमध्ये बसून असाल तर साडेसहाच. ओहोटीच्या वेळी धक्का पाण्यापासून दीड-दोन मीटर उंच होतो, तिथे साडेसात फुटीने दोरा कमी कोनात राहतो आणि पेन्सिलचं नाक वर खेचलं जात नाही. उघड्या समुद्रावर कातळावर उभं राहून मोठे पॉपर फेकायचे, कोकर नावाच्या माशासारखा ताकदीचा मासा लागायची शक्यता, तर ९ फूट आणि वेगळीच ताकद हवी. तो तुमचा विषय आत्ता नाही. काठ आणि धक्का दोन्हींसाठी एकच घ्यायचा म्हणून मी ७ म्हणालो.

मागच्या दांड्याची लांबी कुणी बघत नाही, आणि टॉपवॉटरला तीच सगळ्यात जास्त त्रास देते. रॉड हातात धरा, रिळाचा पाय दोन बोटांच्या मधे येईल असा, आणि दांडा हाताला चिकटवून मागे न्या. बुंधा कोपरापर्यंत किंवा बोटभर पुढे यावा. त्याहून लांब असेल तर खाली झटके देताना तो दर वेळी बरगडीत किंवा शर्टात अडकतो. उंची कमी असलेल्या माणसाने याबाबतीत अजिबात तडजोड करू नये.

कार्बनच्या टनांबद्दल दुकानात खूप ऐकाल : २४ टन, ३० टन, ४० टन. हे टन मासा उचलायचे नव्हेत, तो कार्बनच्या धाग्याच्या ताठपणाचा आकडा आहे, एका चौरस मिलिमीटरला किती टन या हिशेबातला. आकडा वाढला की रॉड हलका आणि ताठ होतो, आणि दगडावर आपटला, दारात चेपला तर तडकायची भीतीही वाढते. या कामाला २४ ते ३० टन पुरेसं आहे. चाळीसच्या मोहात पैसे घालण्यापेक्षा ते गाईड (दोरा ओवायची कडी) आणि रीळ सीट (रीळ बसवायची जागा) चांगली असण्यावर जाऊ द्या. ब्रेडेड दोरा कमी दर्जाच्या कड्यांना चरे पाडतो आणि मग तेच चरे दोरा कापतात. खारं पाणी कड्यांच्या चौकटी गंजवतं. कडी सिलिकॉन कार्बाइडची किंवा निदान ॲल्युमिनियम ऑक्साइडची असावीत, फुजीची असली तर उत्तम.

दुकानात जाताना खिशात कानातला कापसाचा बड आणि दोन मीटर दोरा न्या. बड प्रत्येक गाईडच्या आतून फिरवा. कापूस कुठे अडकला, तंतू राहिला, तर तिथे केसाएवढी चीर आहे, रॉड परत द्या. मग रॉड जोडून वरून खाली एका डोळ्याने बघा, सगळी कडी एका रेषेत हवीत. दोरा गाईडमधून ओवून टोकापासून सोबत्याला हळूहळू ओढायला सांगा, तुम्ही रॉड ४५ अंशांत धरा. वाक टोकापासून खाली सलग उतरत गेला पाहिजे, जोडाजवळ सपाट पट्टा दिसता कामा नये. टोक छताला टेकवून किंवा हाताने वाकवून बघू नका, दुकानदार सांगेल तरीही नाही. त्यात सगळा भार टोकाच्या वीतभर भागावर येतो आणि नवा रॉडही तुटतो. शेवटी तुमचंच रीळ लावून बघा, ३००० किंवा ४००० नंबरचं. मूठ बोटावर तोलली तर टोक थोडं खाली झुकलेलं चालतं, कारण तुम्ही ते खालीच धरणार आहात.

दोऱ्यातही पैसे ठेवा, सगळे रॉडवर घालवू नका. टॉपवॉटरला ब्रेडेड दोराच हवा, कारण तो तरंगतो. फ्लुओरोकार्बन पाण्यापेक्षा जवळजवळ पावणेदोन पट जड असतो, त्याचा लांब लीडर (मुख्य दोरा आणि लूर यांच्या मधला तुकडा) लावला तर तो बुडतो आणि पेन्सिलचं नाक खाली ओढतो. म्हणून २० पौंडी ब्रेडेड आणि पुढे दीड-दोन हात साध्या नायलॉनचा ४० पौंडी लीडर. लीडर जाड कशाला असं वाटेल, पण जिताड्याच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी असते. ड्रॅग, म्हणजे किती ओढ बसली की रीळ दोरा सोडेल ते, सामान तोलायच्या हुक-काट्यावर दोन ते अडीच किलोला लावा आणि मासा जवळ आला की रॉड सरळ आकाशाकडे उभा करू नका. रॉड तुटायचं मी बघितलेलं सगळ्यात मोठं कारण तेच आहे.

ताकदीबद्दल अजून एक मनातलं. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. मीटरभर लांबीच्या पलीकडचे मोठे जिताडे बहुधा माद्या असतात, पुढची पिढी त्यांच्या पोटात असते. फार नाजूक रॉडवर तो मासा पंधरा मिनिटं झुंजत ठेवला तर सोडल्यावरही जगेल याची खात्री नसते. मीडियमपेक्षा हलका रॉड घेऊ नका असं मी सांगतो ते यासाठीही. मोठा मासा लवकर आणा, पाण्यातच गळ काढा आणि जाऊ द्या. खाडीत आधीच किती उरलेत हे तुम्ही रोज बघता.

मरळचं गणित याच्या उलटं आहे. तो शेवाळात, कमळाच्या पानांखाली बसतो, आणि त्यासाठी रबरी फ्रॉग वापरतात, ज्याचे दोन जाड गळ पाठीवर वर वळलेले असतात. रबर दाबलं जाऊन ते गळ टणक जबड्यात घुसवायचे, आणि मग मासा किलोभर शेवाळासकट ओढून काढायचा. तिथे मऊ टोक कामाचं नाही. ७ फुटी हेवी किंवा निदान मीडियम-हेवी, फास्ट, ४०-५० पौंडी ब्रेडेड. मी वर ज्याला नावं ठेवली तो माझा ताठ रॉड आता याच कामावर आहे आणि तिथे तो उत्तम आहे. पिल्लांचा लालसर झुबका वर येताना दिसला तर मात्र तिथे फ्रॉग टाकू नका. आईबाप राखणीला असतात, चिडून लगेच घेतात, पण ते गेले की अख्खा झुबका दुसऱ्या माशांच्या तोंडी जातो.

रॉड दोन तुकड्यांचा घ्या, म्हणजे एसटीतून नेता येतो. जोडावर मेणबत्तीचं मेण किंचित घासा, नाहीतर खारट हवेत तो घट्ट बसतो आणि घरी आल्यावर सुटत नाही. परतल्यावर गोड्या पाण्याने धुऊन गाईड फडक्याने पुसा, रीळ सीट उघडून आतलंही मीठ काढा. तुमच्या पेन्सिलींचं वजन आणि धक्क्याची ओहोटीच्या वेळची उंची खाली लिहिलीत तर सात की साडेसात हे मी नक्की सांगू शकेन.