शनिवारचं आधी, हार्मोन्सचं नंतर

प्रिय,

ट्रान्स मुलगी म्हणून तू हार्मोन्स घेतेस, त्यांचा परिणाम एचआयव्ही टाळण्याच्या प्रेप गोळीने ओसरेल का, हा प्रश्न तू चार ओळीत विचारलास आणि शनिवारी कॉन्डोम फाटल्याचं शेवटी जाता जाता लिहिलंस. मी उलट क्रमाने घेते. त्या संबंधाला अजून 72 तास झाले नसतील तर हे पत्र इथेच ठेव आणि दवाखान्यात जा. संबंधानंतर एचआयव्हीचा संसर्ग टाळायला पेप नावाचं औषध मिळतं. ते 28 दिवस रोज घ्यायचं असतं आणि जितकं लवकर सुरू होईल तितका त्याचा उपयोग जास्त. 72 तासांनंतर ते देत नाहीत. त्यासाठी हार्मोन्स बंद करू नकोस, फक्त कोणती घेतेस ते डॉक्टरांना सांग.

वेळ टळली असेल तरी घरात कुढत बसू नकोस. आज एचआयव्हीची तपासणी केलीस तर तिच्यात शनिवारचं काही दिसणार नाही, तिचा उपयोग आधीची स्थिती कळायला. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत होणारी अँटिजेन-अँटिबॉडी चाचणी 45 दिवसांनी निर्णायक मानतात. बोटाला टोचून होणाऱ्या झटपट चाचणीला 90 दिवस धर. पेप घेतलंस तर हे दिवस औषध संपल्यापासून मोजायचे. मधल्या काळात ताप, पुरळ, घसा धरणं असं काही झालं तर वाट न बघता पुन्हा जा.

आता तुझा प्रश्न. प्रेपच्या, म्हणजे संबंधाआधीपासून घ्यायच्या गोळीने हार्मोन्सचा परिणाम ओसरेल का? नाही. टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिनची ती गोळी इस्ट्रोजेनची, म्हणजे तू घेतेस त्या स्त्री-हार्मोनची पातळी खाली आणत नाही. उलट बाजूने, इस्ट्रोजेनमुळे टेनोफोविर थोडं कमी झालेलं काही अभ्यासांत दिसलं आहे, पण गोळी रोज घेतली तर संरक्षण टिकतं. मैत्रिणीने सांगितलेली पद्धत, म्हणजे संबंधाआधी दोन गोळ्या आणि नंतर दोन दिवस एकेक, तुझ्यासाठी नाही. इस्ट्रोजेन घेणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटना ती सुचवत नाही. तू आधी सलग 7 दिवस रोज घ्यायची आणि शेवटच्या संबंधानंतरही 7 दिवस चालू ठेवायची. सुरू करण्याआधी एचआयव्ही, कावीळ ब (हिपॅटायटिस ब) आणि मूत्रपिंडाची तपासणी लागते. गोळी रोज लक्षात राहत नसेल तर दोन महिन्यांनी घ्यायचं कॅबोटेग्रॅविरचं इंजेक्शनही आहे, आणि लेनाकॅपॅविर तर सहा महिन्यांनी एकदा. 2025 मध्ये त्याला मान्यता मिळाली, मात्र सगळीकडे ते पोचलेलं नाही.

हे सगळं डॉक्टरांनी आपणहून सांगायला हवं. ते सांगत नाहीत, मग हार्मोन्स की गोळी असा पेच मुलींना पडतो आणि त्या हार्मोन्स निवडतात. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते कोण सोडेल?

2013 साली 15 देशांतली आकडेवारी एकत्र करून केलेल्या अभ्यासात ट्रान्स स्त्रियांपैकी सुमारे 19 टक्के एचआयव्हीबाधित आढळल्या. हा आकडा तुला कुणीतरी तोंडावर फेकेलच, म्हणून सांगून ठेवते. ट्रान्स असल्याने विषाणू येत नाही. घरातून हाकललेली, नोकरी न मिळालेली, दवाखान्यात हसू झालेली माणसं जिथे लोटली जातात तिथे तो जास्त असतो. आणि गुदमैथुनात आत घेणाऱ्याला धोका सर्वाधिक, कारण तिथलं अस्तर पातळ असतं, सहज चिरतं. म्हणून कॉन्डोमसोबत पाण्याचं किंवा सिलिकॉनचं वंगण हवंच. तेल, व्हॅसलिन, कोल्ड क्रीम यांनी कॉन्डोमचं लेटेक्स, म्हणजे रबर, कमजोर होऊन फाटतं. शनिवारी काय वापरलं होतंत?

तू लिहिलंस, ‘तो मला मुलगी म्हणून वागवतो, त्याला कॉन्डोमचं कसं म्हणू?’ मला या वाक्याची काळजी वाटते, त्या गोळीची नाही. तुला मुलगी मानणं ही त्याची मेहेरबानी नाही, जिची परतफेड अंगावर धोका घेऊन करावी. बोलायचं तर कपडे उतरवण्याआधी बोल, नंतर कुणी ऐकत नाही. तो चिडणारा, हात उगारणारा असेल तर वाद घालू नकोस, निघून ये. प्रेपचं एक मला आवडतं: ते घ्यायला त्याची परवानगी लागत नाही. पण प्रेप सिफिलिस, गनोरिया असे इतर गुप्तरोग थोपवत नाही.

त्यांची तपासणी करताना नुसती लघवी देऊन परतू नकोस. तोंडाने किंवा गुदद्वारातून संबंध आला असेल तर घशाचा आणि गुदाशयाचा स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीने घेतलेला नमुना, माग. तिथला गनोरिया बहुतेक वेळा त्रास देत नाही आणि लघवीत सापडतही नाही. लाज वाटली तर कागदावर लिहून ने: कुठून संबंध आला, कधी आला, कोणती औषधं चालू आहेत. हिपॅटायटिस ब आणि एचपीव्ही (संबंधातून पसरणारा, कॅन्सर करू शकणारा विषाणू) यांच्या लशी झाल्यात का, तेही विचार.

हार्मोन्सचं इंजेक्शन घरी घेत असशील तर सुई, सिरिंज स्वतःची, दर वेळी नवी. एकाच बाटलीत वापरलेली सुई बुडवणंही नको. आणि छाती-नितंब भरायला सुटं सिलिकॉन कुणी टोचून देत असेल तर साफ नाही म्हण. ते फुप्फुसात जाऊन माणूस दगावू शकतो.

तुझ्या त्या ट्रान्स मित्रालाही, जो जन्मतः मुलगी मानला गेला पण पुरुष म्हणून जगतो, सांग, तो घेतो ते टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-हार्मोन म्हणजे गर्भनिरोधक नव्हे. पाळी थांबली तरी गर्भ राहू शकतो, आणि कोरडेपणामुळे योनीला चिरा पडून संसर्ग सोपा होतो.

एचआयव्हीची चाचणी पॉझिटिव्ह आली तर? उपचार त्याच आठवड्यात सुरू करायचे. औषध नेमाने घेऊन विषाणू रक्तात मोजता येत नाही इतका खाली गेला आणि तसाच राहिला, की संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. मोठ्या अभ्यासांत असा एकही संसर्ग आढळला नाही. हार्मोन्सही चालू राहतात. फक्त रिटोनाविर, कोबिसिस्टॅट, एफाविरेन्झ अशा एचआयव्हीवरच्या काही औषधांनी त्यांची पातळी हलते, तेव्हा दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखव.

72 तास अजून झाले नसतील तर उत्तर लिहू नकोस, सरळ फोन कर. मी येते सोबत.

तुझी,
ताई