हलकं ॲक्सिलरेटर दिलं की दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी झटके देते, चेक इंजिनचा दिवा नाही. थ्रॉटल बॉडी बदलायला सांगितलंय, १८ हजार. बदलू का?

नका बदलू. थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात जाणारी हवा पाकळीने कमी-जास्त करणारा भाग; स्कॅनरवरचे आलेख बघितल्याशिवाय तरी तो बदलू नका. कोड नाही, दिवा नाही, तरी थेट पार्ट सांगितला, म्हणजे लाइव्ह डेटा, सेन्सरचे त्या क्षणाचे आकडे, कोणी उघडलेला नाही.

आधी पेडल. चावी ऑन, इंजिन बंद. दहा-पंधरा सेकंद घेऊन पेडल सावकाश तळापर्यंत दाबा आणि दोन्ही पोझिशन सेन्सरचा आलेख काढा. बऱ्याच गाड्यांत एकाचं व्होल्टेज दुसऱ्याच्या निम्मं असतं. रेषा सलग चढली पाहिजे. पहिल्या पाव भागात खाच दिसली तर पेडल गेलं. शहरात पाय तिथेच असतो, ट्रॅक तिथेच झिजतो. स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरवर एका वेळी दोनच आकडे लावा, दहा लावले तर खाच दोन नोंदींच्या मधून निसटते.

मग रस्त्यावर. ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, मागितलेला थ्रॉटल आणि प्रत्यक्ष थ्रॉटल, हे दोनच. आकडे जुळायची गरज नाही, मोजमाप वेगळं असू शकतं. आकार जुळला पाहिजे. मागणी चढली आणि पाकळी मागे राहिली, तर थ्रॉटल बॉडी, तिचा कनेक्टर किंवा वायरिंग. दोन्ही रेषा हातात हात घालून गेल्या आणि तरी झटका बसला, तर थ्रॉटल बॉडीचा काही गुन्हा नाही. ही चाचणी दहा मिनिटांची आहे.

हे इतकं ठासून सांगतो कारण अशीच एक मॅन्युअल गिअरची सेडान माझ्यासमोर आली होती. थ्रॉटल बॉडी नवी कोरी, झटके जुनेच. आयडलला (पाय न देता इंजिन चालू) फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू नेहमीपेक्षा किती इंधन वाढवतो तो आकडा, ३ टक्के; उभ्या गाडीत २५०० आरपीएमला ४. अगदी निरोगी. स्मोक टेस्टही (पाइपांत धूर सोडून गळती शोधणं) झाली होती, धूर कुठूनच निघाला नव्हता, आणि त्यावरून ‘लीक नाही’ असा निकालही लागला होता. पण दुसऱ्या गिअरमध्ये पाय देताच ट्रिम १८ वर, पाय काढला की परत खाली. उभ्या गाडीत नसलेली हवा चालत्या गाडीत येते कुठून?

इंजिन हलतं तिथून. एअर फिल्टरकडून थ्रॉटलकडे येणारा वळ्यांचा रबरी पाइप काढून हाताने वाकवला, आत टॉर्च धरला, तर खालच्या बाजूच्या वळीत बोटाच्या पेराएवढी चीर. गाडी उभी असताना ती मिटलेली असते, म्हणून धूर निघत नाही. भार आला की इंजिन मागे झुकतं, पाइप ताणला जातो, चीर उघडते आणि एमएएफ (आत येणारी हवा मोजणाऱ्या) सेन्सरने न मोजलेली हवा आत शिरते. मिश्रण पातळ, झटका. ईसीयू इंधन वाढवून सावरेपर्यंत तुमचा पाय सुटलेला असतो, म्हणून पी०१७१ (मिश्रण पातळ) हा कोड बसायला वेळच मिळत नाही. इंजिन इतकं झुकत होतं कारण खालच्या टॉर्क रॉडचा, म्हणजे इंजिनला झुकू न देणाऱ्या दांड्याचा, रबरी बुश फाटला होता. नुसता पाइप बदलला असता तर नवाही फाटला असता. दोन्ही बदलले, रस्त्यावर ट्रिम पाचच्या आत.

त्यामुळे ‘धूर नाही म्हणजे लीक नाही’ म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: धूर सोडताना पाइप हाताने पिळा, इंजिन पहारीने हलवा. आणि ज्यांना वाटतं की पेडलचा सिग्नल वाढवणारी डबी लावली की पिकअप सुधारतो, त्यांनी आधी वरचा आलेख काढावा. ती डबी बिघाड झाकते.

थ्रॉटल साफ करायचा असेल तर थ्रॉटल क्लीनर कापडावर घ्या आणि हलक्या हाताने पुसा. कार्ब क्लीनर ओतून ब्रशने घासू नका, पाकळीच्या कडेचा लेप निघतो. साफ केल्यावर रिलर्न करा, म्हणजे ईसीयूला पाकळीची जागा नव्याने शिकवा, नाहीतर आयडल वर जातं आणि ‘साफ केल्यावर बिघडली’ अशी तक्रार घेऊन तुम्ही परत येता.

आता आधीच सांगायला हवं होतं ते. तुमच्या गाडीत एमएएफ नसून मॅप सेन्सर (थ्रॉटलच्या पुढचा हवेचा दाब मोजणारा) असेल, जो आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत असतो, तर हा पाइप फाटल्याने मिश्रण बिघडत नाही, धूळ तेवढी आत जाते. तिथे प्लग, कॉइल आणि पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) बघा. पर्जचा नळ तात्पुरता बंद करून झटका जातो का एवढं पाहिलं तरी पुरे. ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) सुरू झाल्यापासून ट्रिम चार-पाच टक्के वर दिसला तर घाबरू नका, इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणून तेवढ्याच हवेत इंधन जास्त द्यावं लागतं. सीएनजी किट असेल तर सगळे आकडे पेट्रोलवर घ्या. एएमटी (गिअर आपोआप बदलणारी गाडी) असेल तर कमी वेगातला झटका बहुधा क्लचचा. ब्रेक लाइटचा स्विचही तपासा. पेडल सुटलेलं असताना ईसीयूला ब्रेक दाबलेला दिसत असेल तर काही गाड्यांत तो ताकद कापतो.

आणि एवढं करूनही थ्रॉटल बॉडी बदललीच, तर जुनी मागून घ्या. त्या सेडानच्या मालकाने घेतली नव्हती.