जर्मनीत मास्टर्स केलं, आता नोकरी आहे. पीआरसाठी (कायमच्या वास्तव्याच्या परवान्यासाठी) शिक्षणाची वर्षं धरतात का?

थेट नाही, पण डिग्रीचा फायदा मोठा आहे. जर्मन विद्यापीठाची पदवी असेल तर कुशल कामगाराच्या परवान्यावर 2 वर्षं नोकरी आणि 24 महिने पेन्शनचा भरणा पुरतो. एरवी 3 वर्षं लागतात. पदवीनंतर नोकरी शोधायला मिळणारे 18 महिने मात्र यात धरत नाहीत. ब्लू कार्ड (उच्चशिक्षित कामगारांचा युरोपीय परवाना) असेल तर बी1 म्हणजे मध्यम पातळीच्या जर्मनवर 21 महिन्यांतच अर्ज करता येतो, नुसत्या ए1 म्हणजे प्राथमिक पातळीवर 27 महिन्यांत.

पेन्शन खात्याचा उतारा आधीच मागवून ठेवा, ऑनलाइन मागवला तरी तो पोस्टाने येऊ शकतो. 'लेबन इन डॉइचलँड' या जर्मनीतल्या जीवनाविषयीच्या परीक्षेचं टेन्शन घेऊ नका, पीआरसाठी 33पैकी 15 बरोबर आले की पास. खरा वैताग परदेशी नागरिक कार्यालयाच्या अपॉइंटमेंटचा! मोठ्या शहरात असाल तर आजच मागा.