टूलचं वर्णन लिहिताना: मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही

तुमची अडचण थोडक्यात अशी: ग्राहकांना उत्तरं देणाऱ्या एजंटला (म्हणजे भाषेच्या एआय मॉडेलवर चालणाऱ्या मदतनिसाला) 'सर्च_ऑर्डर्स' आणि 'गेट_ऑर्डर' अशी दोन टूल्स, म्हणजे त्याला हाक मारता येतील अशी फंक्शन्स, दिली आहेत, तरी तो भलतंच टूल उचलतो, तारखा वाटेल तशा भरतो आणि सिस्टम प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला सुरुवातीलाच दिलेल्या सूचनांत) कितीही भर घातली तरी फरक पडत नाही. प्रॉम्प्ट वाढवणं आधी थांबवा. तुम्ही टूल्सना दिलेली वर्णनं वाचली, घोळ तिथेच आहे.

मॉडेलपुढे येतं ते फक्त टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटर्सचा जेसन स्कीमा, म्हणजे टूलला कुठली माहिती कुठल्या रूपात द्यायची याचा साचा. कोडमधल्या कॉमेंट्स, डेटाबेसमधल्या कॉलमचा अर्थ, टीममध्ये सगळ्यांना तोंडपाठ असलेले नियम, यातलं काहीही त्याच्यापर्यंत पोचत नाही. ओपनएआयने जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंग (मॉडेलकडून टूल्स वापरून घेण्याची सोय) आणलं तेव्हा हे असंच होतं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या अँथ्रॉपिकच्या एमसीपीमध्येही (टूल्स मॉडेलला जोडण्याच्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्येही) असंच आहे.

आता तुमची वर्णनं बघा. एकाचं 'ऑर्डर शोधतं', दुसऱ्याचं 'ऑर्डरची माहिती आणतं'. एवढ्यावरून कुठलं कधी वापरायचं, हे माणसालाही सांगता येणार नाही. पहिलं मी असं लिहीन:

'ऑर्डर क्रमांक माहीत नसेल, पण ग्राहकाचा आयडी माहीत असेल तेव्हा वापरा. जुळणाऱ्या ऑर्डर्सची यादी मिळते: क्रमांक, तारीख, स्थिती. सगळ्यात नवी आधी, एका वेळी जास्तीत जास्त २०. ऑर्डरमधल्या वस्तूंचा तपशील मिळत नाही. त्यासाठी यादीतला क्रमांक घेऊन गेट_ऑर्डर वापरा. रद्द झालेल्या ऑर्डर्स यादीत येत नाहीत.'

यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ते नसलं की ग्राहक रद्द केलेल्या ऑर्डरबद्दल विचारतो, टूल रिकामी यादी देतं आणि एजंट ठामपणे सांगून मोकळा होतो की अशी ऑर्डर नाहीच. टूल नीट चाललं, मॉडेलनेही मिळालेल्या माहितीवरून बरोबरच अंदाज बांधला, तरी ग्राहकाला खोटं उत्तर गेलं. म्हणून टूल काय करत नाही आणि रिकाम्या उत्तराचा अर्थ काय, हे लिहिल्याशिवाय वर्णन पूर्ण झालं असं मी मानत नाही.

तारखांचं म्हणाल तर पॅरामीटरच्या 'डेट' या नावातून काहीच कळत नाही. 'फ्रॉम_डेट' आणि 'टू_डेट' करा. क्रम वर्ष-महिना-दिवस, हे उदाहरणासकट लिहा, कारण ०३-०४-२०२५ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे मॉडेलला ओळखता येत नाही. शेवटचा दिवस धरला जातो की नाही आणि टाइमझोन कुठला, तेही सांगा. तसंच 'यूजर' ऐवजी 'यूजर_आयडी', नाहीतर तिथे माणसाचं नाव जाऊन बसतं. ऑर्डरच्या स्थितीसाठी मोजकेच पर्याय असतील तर ते वाक्यात सांगण्यापेक्षा स्कीमात एनम (ठरावीक पर्यायांची यादी) म्हणून द्या.

एररचा मजकूरही मॉडेल वाचतं. नुसतं '४००' (विनंती चुकीची असल्याचा कोड) परत पाठवलंत तर ते चाचपडत बसेल. 'फ्रॉम_डेट २०२५-०४-०३ अशा रूपात हवी' म्हटलंत तर बहुतेक वेळा पुढचाच कॉल सुधारतो.

लांबीबद्दल: टूल्सची वर्णनं दर रिक्वेस्टबरोबर जातात आणि टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) खातात, तेव्हा पाल्हाळ नको. पण वरच्यासारखी चार-पाच वाक्यं खर्चायला अजिबात कचरू नका. 'नेहमी हेच टूल वापरा' असला आग्रह मात्र टाळा, त्याने गरज नसतानाही कॉल होतात. आणि दोन टूल्समधला फरक दोन वाक्यांत मांडता येत नसेल, तर दोष वर्णनाचा नाही, टूल्सच्या आखणीचा आहे. सरळ एकत्र करा.

रिफंडचं टूलही याच एजंटला जोडायचं म्हणता. पैसे परत गेले की ते मागे घेता येत नाहीत, हे त्याच्या वर्णनात लिहाच, पण तेवढ्यावर विसंबू नका. वर्णन ही फक्त सूचना आहे. परवानगीची तपासणी कोडमध्येच हवी.

बदल केल्यावर ग्राहकांचे खरे प्रश्न घेऊन एजंट चालवा आणि फक्त शेवटचं उत्तर न बघता प्रत्येक कॉलमध्ये कुठलं टूल निवडलं, काय भरलं, हे वाचा. ज्यांना कुठलंच टूल लागत नाही असे प्रश्नही त्यात घाला. एका वेळी एकच वर्णन बदला, म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल.