प्रश्न तुमचे, उत्तरं आमची : पासवर्डात मीठ घातलंय का?

प्रश्न : नमस्कार. आमच्या होमस्टेची बुकिंगची साईट मीच पीएचपीत बनवलीय. गिऱ्हाइकांचे पासवर्ड सगळे एमडी५ने हॅश करूनच, म्हणजे न ओळखता येणारी अक्षरं करून ठेवतो. परवा पणजीचा एक मित्र म्हणाला, हे आधी काढ, चोराला आयतंच आहे. पण हॅश उलटा फिरवता येतच नाही ना? आणि त्याजागी शा-२५६ ही दुसरी हॅश पद्धत लावली तर चालेल का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : उलटा फिरवता येत नाही हे बरोबरच आहे तुमचं. हुमणाचं वाटण एकदा मिक्सरमधून काढलं की त्यातनं नारळ परत निघत नाही, तसंच ते. पण चोर नारळ काढायला बसतोय कुठे, तो लोकांचे नेहमीचे पासवर्ड घेतो, १२३४५६ म्हणा, पोराचं नाव नि जन्मसाल म्हणा, आपल्या घरी सगळ्यांचं वाटण करतो आणि तुमच्या डेटाबेसातून पळवलेल्या टेबलाशी जुळवत बसतो, आणि एमडी५ एवढं फास्ट आहे की एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी वाटणं काढतं. तुमच्याच डेटाबेसात बघा ना, ई१०एडीसी३९ने सुरू होणारी ओळ सापडली तर तो माणूस बहुतेक १२३४५६वाला, आणि तीच ओळ चार जणांकडे असेल तर चौघेही एका फटक्यात गेले.

म्हणून सॉल्ट. मीठच की! हॅश करण्याआधी पासवर्डात मिसळायची रँडम अक्षरं, प्रत्येकाला वेगळी, म्हणजे पासवर्ड सारखा असला तरी हॅश वेगळा येतो. २०१२मध्ये लिंक्डइनचे ६५ लाखांच्या आसपास हॅश बाहेर आले ते शा-१ या जुन्या हॅश पद्धतीचे होते, बिनमिठाचे.

शा-२५६ मोडलेलं नाहीय. एमडी५मध्ये २००४ साली आणि शा-१मध्ये २०१७ साली दोन वेगळ्या फायलींचा एकच हॅश काढून दाखवला, तसं शा-२५६चं अजून कुणाला जमलेलं नाही. पण तो फायली नि डिजिटल सह्यांचा विषय झाला. पासवर्डाला ते नको, कारण तेही फास्टच. इथे मिक्सर नको, पाटा-वरवंटा पाहिजे, मुद्दाम हळू चालणारा, म्हणजे बीक्रिप्ट नाहीतर आर्गॉन२. बीक्रिप्टचा कॉस्ट, म्हणजे त्याला किती मेहनत करायला लावायची तो आकडा, एकाने वाढवला की वेळ दुप्पट. पीएचपीत २०१३पासून, म्हणजे ५.५ व्हर्जनपासून, पासवर्ड_हॅश हे फंक्शन आहे, मीठसुद्धा तेच घालतं, स्वतःची अक्कल चालवायची गरज नाही.

जुन्या गिऱ्हाइकांना त्रास द्यायला नको, आहे त्या एमडी५लाच बीक्रिप्ट करून ठेवा, लॉगिनला आधी एमडी५ मग तपासणी, आणि जो जो आत येईल त्याचा पासवर्ड तेव्हाच नव्याने हॅश करा. जुने बॅकअप मात्र नंतर पुसा, त्यात एमडी५ तसेच पडलेले असतात.

आणि हो, एमडी५ ३२ अक्षरांचा, बीक्रिप्ट ६० अक्षरांचा. मी एकदा कॉलम ३२चाच ठेवून अख्खं टेबल बदललं, जुन्या मायएसक्यूएल डेटाबेसने हूं की चूं न करता सगळे हॅश अर्ध्यात कापले, बॅकअप घेतलेला नव्हता, आणि ऐन चवथीच्या आदल्या दिवशी प्रत्येक गिऱ्हाइकाला नवीन पासवर्ड करायची लिंक पाठवत बसलो. तुम्ही आधी बॅकअप घ्या, कॉलम २५५चा करा, मग कोडला हात लावा.