‘कॉलेज सुरक्षित आहे ना?’ या प्रश्नाच्या आधी विचारायचा प्रश्न

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की कोल्हापुरातील माझ्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या कुटुंबांची तक्रार जवळजवळ एकसारखी असते. मुलीला पुण्याला जायचे असते, वडिलांना खर्चाची धास्ती असते, आईला ‘तिथले वातावरण’ नको असते, आणि तिघेही माझ्यासमोर बसून महाविद्यालयांची नावे घेत एकमेकांशी भांडत असतात. शेवटी प्रश्न माझ्याकडे येतो: ‘मॅडम, तुम्हीच सांगा, कोणते कॉलेज सुरक्षित आहे?’ या प्रश्नाचे उत्तर मी देत नाही. उत्तर टाळायचे असते म्हणून नव्हे, तर सुरक्षितता ही महाविद्यालयाच्या इमारतीत बसवून मिळणारी वस्तू आहे, ही समजूतच त्या प्रश्नात दडलेली असते म्हणून.

ओळख पटू नये एवढा तपशील बदलून एका कुटुंबाची हकिगत सांगते. मुलीला आपण मृण्मयी म्हणू. वडिलांचा उद्यमनगरात लेथचा छोटा कारखाना, आई एका पतसंस्थेत नोकरीला, धाकटा भाऊ आठवीत. मृण्मयीला संगणक अभियांत्रिकी हवी होती. तिचे गुण पाहता पुण्यातील दोन खासगी महाविद्यालये, सांगलीतील एक आणि कोल्हापुरातील दोन अशी यादी घरात तयार झाली होती. यादीवर एकमत होते. भांडण क्रमावरून होते.

पहिल्या भेटीत वडिलांनी आपली भूमिका स्पष्ट मांडली. ‘मॅडम, कॉलेज एक नंबरचं असू दे नाहीतर दहा नंबरचं. पोरगी गेली तशी सुखरूप परत आली पाहिजे. मी तिला आधीच सांगून ठेवलंय, तिथं काही झालं, की दुसऱ्या दिवशी गाडी काढतोय आणि घेऊन येतोय.’ हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. बापाचे कर्तव्य आपण चोख बजावले आहे, असा विश्वास होता. आई म्हणाल्या, ‘तिला कॅम्पस लाइफ पाहिजे म्हणे. म्हणजे वाढदिवस, ट्रिपा आणि रात्री-अपरात्रीचं फिरणं. त्यासाठी एवढे पैसे घालायचे?’ मृण्मयी खिडकीकडे पाहत बसली होती.

पुढच्या भेटीत मी विषय बदलला आणि खर्चाचा कागद मागितला, कारण पैशाविषयी बोलताना माणसे एकमेकांना टोमणे कमी मारतात. कागदावर फक्त महाविद्यालयाचे शुल्क होते. अनेक घरांत असेच असते आणि इथेच पहिली गफलत होते. राज्य शासनाने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. अट अशी, की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून म्हणजे ‘कॅप’मधून झालेला असावा, संस्थेच्या कोट्यातून नव्हे. मृण्मयी या सवलतीत बसत होती. वडिलांनी बातमी ऐकली होती, पण ‘ते आपल्यासाठी नसणार’ असे गृहीत धरून पूर्ण शुल्काची बेरीज मांडली होती. दुसरीकडे, माफ न होणारे विकास शुल्क, वसतिगृहाची अनामत, मेस, रविवारी संध्याकाळी मेस बंद असताना बाहेरचे जेवण, येण्याजाण्याचे भाडे, लॅपटॉप, आणि पहिले वर्ष संपल्यावर वसतिगृहात जागा मिळाली नाही तर कॉट बेसिसवर म्हणजे खाटेमागे भाडे देऊन घ्यावी लागणारी खोली, यांतले काहीच कागदावर नव्हते. खासगी व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते पाहता येते. घरमालक मात्र आपले भाडे स्वतः ठरवतो. जी रक्कम कुटुंबाला झोपू देत नव्हती ती प्रत्यक्षात भरायची नव्हती, आणि जी भरायची होती तिचा विचारच झालेला नव्हता.

हा हिशेब मी खर्चासाठी मांडून घेतला, पण त्याचा खरा उपयोग सुरक्षिततेच्या चर्चेत झाला. वडिलांनी पैसे वाचवण्यासाठी दुसऱ्या वर्षी महाविद्यालयापासून लांबची स्वस्त खोली घेण्याचे मनात धरले होते. मी विचारले, ‘प्रात्यक्षिके सहाला संपली, तर ती खोलीवर किती वाजता पोहोचेल, आणि शेवटचा टप्पा कशाने जाईल?’ ते गप्प झाले. महिन्याकाठी वाचणारे ते पैसे तिच्या रोजच्या अंधारातल्या वाटेतून वाचणार होते, हे त्यांच्या लक्षात यायला मला वेगळे काही सांगावे लागले नाही. खर्च हा एक प्रश्न आणि सुरक्षितता हा दुसरा, असे दोन वेगळे रकाने आपण करतो, तेव्हा एका रकान्यातली काटकसर दुसऱ्या रकान्यात धोका होऊन उतरते.

तरीही गाठ सुटलेली नव्हती. ती सुटली त्या दिवसाविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण अशा प्रकारचे संभाषण मी अनेक घरांत घडवून आणले आहे आणि त्याचा गाभा बहुतेक ठिकाणी सारखाच निघाला आहे.

तिघेही समोर होते. मी मृण्मयीला म्हटले, ‘समज, ऑक्टोबर महिना आहे. प्रॅक्टिकल संपवून तू परत येते आहेस आणि एक मुलगा सलग तीन दिवस तुझ्या मागे येतो आहे. पहिला फोन कोणाला करशील?’

‘रूममेटला.’

‘तिने उचलला नाही तर?’

‘वर्गातल्या कुठल्यातरी मैत्रिणीला.’

‘आणि पप्पांना?’

ती बराच वेळ काही बोलली नाही. मी थांबले. वडिलांनी काही बोलू नये म्हणून त्यांच्याकडे फक्त हात केला. मग ती म्हणाली, ‘पप्पांना नाही सांगणार.’

‘म्हणजे?’ वडील खुर्चीत पुढे सरकले. ‘एवढं झालं तरी तू मला सांगणार नाहीस?’

‘तुम्हीच म्हणालाय ना, काही झालं की घेऊन येतो. मग मी कसं सांगू? तो मुलगा राहील तिथंच आणि कॉलेज माझं सुटेल.’

मला वाटले होते, की आता आई मुलीला दटावतील. त्या नवऱ्याकडे न पाहता म्हणाल्या, ‘तिनं मला सांगितलं असतं, तर मीही यांना सांगितलं नसतं.’

त्या खोलीत नंतर जी शांतता पसरली ती मी मोडली नाही. समुपदेशकाचे निम्मे काम योग्य वेळी गप्प राहण्याचे असते, आणि हे जमायला मला बरीच वर्षे लागली आहेत. वडील शेवटी हळू आवाजात म्हणाले, ‘म्हणजे मी तिला सांभाळायला म्हणून जी अट घातली, तिच्यामुळंच ती एकटी पडणार होती.’ एवढे स्पष्ट वाक्य मलाही सुचले नसते, आणि ते माझ्याऐवजी त्यांच्या तोंडून आले याचे मला समाधान आहे.

माझी घडण विवेकनिष्ठ विचारपद्धतीत झाली आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी मांडलेल्या या विचारानुसार माणसाला घटनेपेक्षा त्या घटनेविषयीची त्याची हट्टी मागणी अधिक छळते. ‘माझ्या मुलीला त्रास होऊ नये’ ही बापाची इच्छा अगदी योग्य आहे. ‘तिला कधीही, कुठेही, कसलाच त्रास होता कामा नये, झालाच तर सगळे थांबवले पाहिजे’ ही मागणी मात्र कोणतेही शहर पुरी करू शकत नाही, कोल्हापूरही नाही. मंगळवार पेठेतून क्लासला जाताना मृण्मयीला त्रास झाला होता आणि तो तिने घरी सांगितला नव्हता, हे त्याच दिवशी बाहेर आले. म्हणजे ज्या गावाला घरचे डोळे मिटून सुरक्षित समजत होते, तिथेही ती गोष्टी लपवून स्वतःचे रक्षण करायला शिकली होती.

इथे मी आईंच्या आक्षेपाकडे वळले. कॅम्पस लाइफ म्हणजे चैन, ही त्यांची समजूत. पण मुलीने संकटात करायच्या फोनची जी यादी सांगितली, तिच्यात पहिली दोन्ही नावे मैत्रिणींची होती. परक्या गावात ज्या मुलीला कोणी ओळखत नाही, जी वर्ग सुटला की सरळ खोलीत जाऊन दार लावते, ती पालकांना सोज्ज्वळ वाटते. माझ्या अनुभवात मात्र सर्वांत उशिरा मदत मागणारी मुलगी तीच असते. राष्ट्रीय सेवा योजना, नाट्यमंडळ, खेळाचा संघ, अभ्यासगट, यांपैकी कशात तरी रमलेली मुलगी आजारी पडली किंवा उशिरापर्यंत परतली नाही, तर ते कोणाच्या तरी लक्षात येते. कोल्हापूरकरांना हे खरे तर वेगळे सांगायला नको. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ पासून या शहरात निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे उभी राहिली. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग आणि १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. खेड्यांतल्या पालकांनी पोरांना या अनोळखी शहरात पाठवले, ते केवळ निवारा आणि जेवण मिळते म्हणून नव्हे, तर तिथे विचारपूस करणारे कोणीतरी असते म्हणून. ज्या शहराने दुसऱ्यांच्या मुलांना असा आधार दिला, त्या शहरातल्या पालकांनी मुलीच्या मैत्रिणींकडे संशयाने पाहावे, याचे मला नवल वाटते.

मग आम्ही महाविद्यालयांकडे वळलो, आणि तेही वेगळ्या प्रश्नांसह. माझा आग्रह असतो, की पालकांनी महाविद्यालय सकाळी अकराला पाहू नये. त्या वेळी प्रत्येक आवार सुंदर दिसते. संध्याकाळी सातनंतर जावे आणि प्रयोगशाळेपासून वसतिगृहापर्यंत मुलीबरोबर चालावे. ग्रंथालय बंद होण्याची वेळ आणि वसतिगृहाचे फाटक बंद होण्याची वेळ यांत किती अंतर आहे, ते पाहावे. रात्री मुलगी आजारी पडली तर दवाखान्यात तिच्याबरोबर कोण जाते, हे प्रवेश कक्षातल्या माणसाला न विचारता दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारावे. रॅगिंगविरोधी समिती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनुसार असायलाच हवी, आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत तक्रार समिती २०१५ च्या विनियमांनुसार. त्यामुळे ‘समिती आहे का?’ या प्रश्नाला ‘आहे’ एवढेच उत्तर मिळणार. फलकावर सदस्यांची नावे आणि फोन क्रमांक आहेत का, ती माणसे अजून तिथेच नोकरीला आहेत का, आणि मुलींना त्यांतले एक तरी नाव माहीत आहे का, हे पाहिले की समिती कागदावर आहे की कामात, ते कळते. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइनचा १८००-१८०-५५२२ हा क्रमांक मुलीच्या फोनमध्ये प्रवेशाच्या दिवशीच असावा. मुलांच्या पालकांनाही मी हेच सांगते. रॅगिंगचा त्रास मुलगेही सोसतात आणि घरी मुलींहूनही कमी सांगतात.

मृण्मयी आणि तिचे वडील पुण्याला जाऊन आले. ज्या महाविद्यालयाचे नाव मोठे होते, तिथल्या मुलींनी वसतिगृहाबद्दल बोलायला आढेवेढे घेतले. दुसऱ्या ठिकाणी तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने रेक्टरबाईंच्या चांगल्या आणि वाईट अशा दोन्ही गोष्टी मोकळेपणाने सांगितल्या. वडील मला म्हणाले, ‘तिथं पोरी तक्रार करायला भीत नाहीत, ते मला बरं वाटलं.’ महिन्याभरापूर्वी याच गृहस्थांना तक्रारी ऐकू येतात ते महाविद्यालय नको होते. अखेर प्रवेश कुठे मिळाला, हे मी मुद्दाम सांगत नाही, कारण पुढच्या जूनमध्ये तेच नाव घेऊन दहा पालक माझ्याकडे येतील.

निघण्यापूर्वी तिघांनी एक कागद केला. अडचण आली तर मृण्मयीने घरी कळवायचे. पप्पांनी पहिल्या फोनवर उपाय न सांगता ‘तू काय ठरवलंस?’ हे विचारायचे. परत यायचे की नाही, याचा निर्णय तिचा. रिक्षा, दवाखाना किंवा तातडीने खोली बदलणे, एवढ्यासाठीच वापरायची एक रक्कम तिच्या खात्यात वेगळी ठेवायची आणि तिचा हिशेब मागायचा नाही. शेवटचे कलम आईंनी घातले: मुलीने सांगितलेले त्या नवऱ्यापासून लपवणार नाहीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर वसतिगृहात एका वरिष्ठ विद्यार्थिनीचा जाच सुरू झाला, तेव्हा मृण्मयीने त्याच रात्री घरी फोन केला. वडिलांनी ठरल्याप्रमाणे विचारले. तिने खोली बदलून मागितली, दोन मैत्रिणी तिच्याबरोबर रेक्टरकडे गेल्या आणि आठवड्याभरात खोली बदलून मिळाली. वडील पुण्याला गेले नाहीत, पण त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, असे त्यांनीच मला सांगितले, आणि त्यात मला काही वावगे वाटले नाही.

यंदा ज्यांच्या घरी हा विषय सुरू आहे, त्यांनी हे बोलणे पसंतीक्रमाचा अर्ज भरण्याआधी उरकावे. ‘कॅप’च्या पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचे महाविद्यालय मिळाले, तर पुढच्या फेऱ्यांत पर्याय बदलता येत नाही, आणि अर्जाच्या शेवटच्या रात्री सायबर कॅफेत बसून वडिलांनी टाकलेल्या नावावर मुलीला चार वर्षे काढावी लागतात.